डोंगर, मासोळी आणि तह

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, हडसन नदीच्या काठी, स्टॉर्म किंग नावाचा डोंगर आहे. उंची सुमारे १,३४० फूट. पण थेट पाण्यातूनच वर उठल्यामुळे तो आहे त्याहून मोठा वाटतो. त्याच्या पायाशी नदी दोन्ही दिशांना वाहते. समुद्राची भरती आत शिरते ती ट्रॉय गावच्या बंधाऱ्यापर्यंत, जवळजवळ अडीचशे किलोमीटर. आपल्या कोकणातला माणूस तिथे उभा राहिला, तर तो हिला नदी म्हणणार नाही, खाडीच म्हणेल.

दर वसंतात पट्टेरी बास नावाचा मासा समुद्रातून या पाण्यात अंडी घालायला येतो. एक मोठी मादी एका मोसमात लाखो अंडी सोडते. ती तळाला बसत नाहीत, तरंगतही नाहीत; भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे हिंदकळत राहतात. पिल्ले बाहेर आली तरी सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्या अंगात प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसते. पाणी नेईल तिकडे ती जातात.

ही गोष्ट त्या डोंगराची, त्या माशाची आणि माणसांनी केलेल्या एका तहाची आहे. माणसांचे यात जे आहे ते सगळे घडलेले आहे. डोंगर आणि मासोळी यांचे बोलणे मात्र बोधकथेच्या रीतीप्रमाणे मी घातले आहे.

१९६२ साली न्यूयॉर्क शहराला वीज पुरवणाऱ्या कॉन एडिसन कंपनीने जाहीर केले की स्टॉर्म किंगच्या पायथ्याशी एक मोठे वीजकेंद्र उभारायचे आहे. पुढच्या वसंतात मासोळी आली तेव्हा काठावर माणसांची लगबग सुरू होती.

“आजोबा, ही माणसं कसली मोजमापं घेतायत?”

“माझ्या पोटातून बोगदा न्यायचाय, पोरी. रात्री विजेची मागणी कमी असते, तेव्हा नदीचं पाणी वर चढवायचं. मागच्या डोंगरात तळं करून साठवायचं. दिवसा शहराला जास्त वीज लागली, की खाली सोडायचं.”

“पाण्याबरोबर माझी अंडीही वर जातील?”

“जातील.”

“आणि परत येतील?”

“पाणी परत येईल. अंड्यांचं मी सांगू शकत नाही.”

१९६३मध्ये डोंगरावर जीव असलेल्या मूठभर लोकांनी ‘सीनिक हडसन’ नावाची संघटना काढली. सरकारच्या वीज आयोगाने त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही. मार्च १९६५मध्ये कंपनीला परवाना मिळाला. लोक न्यायालयात गेले. तिथे पहिलाच प्रश्न विचारला गेला: तुमचे यात नुकसान काय? तुमची जमीन जात नाही, धंदा बुडत नाही. मग तुम्ही कोण?

२९ डिसेंबर १९६५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. निसर्गसौंदर्याची, इतिहासाची आणि जीवसृष्टीची ज्यांनी खरी काळजी वाहिली आहे, त्यांनाही पीडित पक्ष म्हणून उभे राहण्याचा हक्क आहे, असे तो सांगत होता. परवाना रद्द झाला. आयोगाने समोर आलेले तेवढेच ऐकून निर्णय देऊन भागणार नाही, दुसरे पर्याय, डोंगराचे रूप आणि माशांचे भवितव्य स्वतः तपासले पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. अमेरिकेतल्या पुढच्या पर्यावरण खटल्यांचा पाया या निकालाने घातला.

पण निकाल म्हणजे शेवट नव्हे. आयोगाने पुन्हा सुनावण्या घेतल्या आणि १९७०मध्ये पुन्हा परवाना दिला. १९७१मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. डोंगर हरल्यात जमा होता.

त्याला आधार मिळाला तो माशाचा. नदीकाठच्या मासेमारांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९६६मध्ये ‘हडसन रिव्हर फिशरमेन्स असोसिएशन’ स्थापन केली होती. पत्रकार रॉबर्ट बॉइल त्यांत पुढे होते. कंपनीच्या बाजूने मांडलेला माशांचा अभ्यास त्यांनी बारकाईने वाचला, आणि त्यातली मोठी चूक त्यांना सापडली. नदी एकाच दिशेने वाहते असे धरून हिशेब केला होता. अंडी पंपाच्या तोंडासमोरून एकदाच जातील आणि खाली निघून जातील, असे त्यात गृहीत होते. भरतीच्या पाण्यात तसे होत नाही. तेच पाणी, तीच अंडी पुन्हापुन्हा त्याच तोंडासमोर येतात. १९७४मध्ये न्यायालयाने माशांचा प्रश्न नव्याने तपासायला लावला आणि सुरू झालेले बांधकाम थांबले.

“आजोबा, माझ्या अंड्यांनी तुम्हाला वाचवलं म्हणायचं!”

“तूर्त तरी, पोरी. तुझे उपकार मी विसरणार नाही.”

इकडे नदीवर दुसरे भांडण पेटलेले होते. इंडियन पॉइंटचे अणुवीज केंद्र आणि बोलाइन व रोझटन ही तेलावर चालणारी केंद्रे यंत्रे गार करण्यासाठी नदीचे प्रचंड पाणी आत घेत आणि कोमट करून परत सोडत. मोठे मासे जाळ्यांवर चिकटून मरत. अंडी आणि पिल्ले नळांतून आत जाऊन उष्णतेने मरत. १९७२च्या जलप्रदूषण कायद्याने अशी हानी उपलब्ध तंत्राने शक्य तितकी कमी करणे बंधनकारक केले. त्याच्या आधारे केंद्रीय पर्यावरण संस्थेने कंपन्यांना कूलिंग टॉवर बांधायला सांगितले. टॉवर बांधले की तेच पाणी फिरवून वापरता येते आणि नदीतून फार थोडे घ्यावे लागते. पण टॉवर महाग, आणि दिसायला अवाढव्य. डोंगराच्या रूपासाठी लढणाऱ्या काहींनाही ते नदीकाठी नको होते. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि तज्ज्ञांच्या साक्षींचे ढीग साचू लागले.

तिसरे संकट तर याहूनही जुने होते. वरच्या अंगाला जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांनी पीसीबी नावाची विषारी रसायने अनेक वर्षे नदीत सोडली होती. १९७६मध्ये हडसनमधले पट्टेरी बास पकडून विकण्यावर बंदी आली. ज्यांनी माशासाठी लढा उभारला, त्यांच्याच गावातल्या मासेमारांच्या ताटातून आणि बाजारातून तो मासा गेला.

अशा अवस्थेत १९७९ साल उजाडले. पहिल्या घोषणेला सतरा वर्षे झाली होती. तेलाच्या भाववाढीने कॉन एडिसनचे कंबरडे मोडले होते. १९७४मध्ये तिला भागधारकांचा लाभांशही रोखावा लागला होता. विजेची मागणी अंदाजाइतकी वाढत नव्हती. टॉवरचा खर्च डोक्यावर टांगलेला होता. दुसऱ्या बाजूला लोकांच्या संघटना वर्गणीवर चालत होत्या, आणि एका उलट निकालाने सगळे हातचे जाऊ शकते हे त्यांनी १९७२मध्ये पाहिले होते. कोणालाच विजयाची खात्री उरली नव्हती. मध्यस्थीला योग्य वेळ असते ती हीच.

मध्यस्थ म्हणून रसेल ट्रेन यांना बोलावले गेले. ते केंद्रीय पर्यावरण संस्थेचे माजी प्रमुख होते आणि आता वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या अमेरिकी शाखेचे अध्यक्ष. त्यांचा शब्द कंपन्याही मानत आणि लोकही. त्यांच्याकडे निकाल देण्याचा अधिकार नव्हता. कंपन्या, सरकारी खाती आणि लोकसंघटना यांना एका मेजाशी बसवायचे, एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजेल असे सांगायचे, बोलणी मोडायला आली की सावरायची, एवढेच त्यांचे काम. बंद दाराआड वर्षाहून अधिक काळ बोलणी चालली. १९ डिसेंबर १९८० रोजी सह्या झाल्या. लोक त्याला हडसनचा शांततातह म्हणू लागले.

या तहाने जे दिले ते कोणत्याही न्यायालयाला देता आले नसते. न्यायाधीशासमोर परवान्याचा प्रश्न आला की तो हो म्हणू शकतो किंवा नाही. टॉवरचा खटला वेगळा, डोंगराचा वेगळा, दोन्ही एकत्र बांधून त्यातून मार्ग काढणे त्याच्या हातात नसते. मेजाशी बसलेल्यांनी ते केले. कॉन एडिसनने स्टॉर्म किंगचा परवाना सोडला आणि तिथली जमीन उद्यानासाठी दिली. अंडी घालण्याच्या मोसमात वीजकेंद्रांची यंत्रे काही काळ बंद ठेवायचे ठरले. पिल्ले वाढवून नदीत सोडायचे ठरले. नदीच्या स्वतंत्र संशोधनासाठी कंपन्यांनी १ कोटी २० लाख डॉलरचा निधी दिला, आणि त्यातून उभी राहिलेली ‘हडसन रिव्हर फाउंडेशन’ आजही काम करते. माशांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. सतरा वर्षे एकमेकांना खोटे पाडणारी माणसे एका कागदावर सह्या करून उठली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

या सगळ्याच्या बदल्यात कूलिंग टॉवरची मागणी दहा वर्षांसाठी बाजूला ठेवण्यात आली.

पुढच्या वसंतात मासोळी आली ती आनंदाने उड्या मारत.

“आजोबा, तुम्ही सुटलात!”

“सुटलो खरा. आता माझ्या पायाशी उद्यान होणार.”

“आणि माझं काय ठरलं?”

“तुझ्या मोसमात काही दिवस यंत्रं बंद राहतील. नदीत पिल्लं सोडतील. टॉवर मात्र दहा वर्षं नाहीत.”

“मग पाणी पूर्वीसारखंच आत ओढणार?”

“थोडं कमी. पण ओढणार.”

“आणि दहा वर्षांनी?”

“ते तेव्हाच्या माणसांनी ठरवायचं.”

“मला कोणी विचारलं नाही?”

“तुझ्या बाजूची माणसं होती गं मेजाशी. प्रामाणिक होती. तुझ्यासाठी मागता येईल तेवढं त्यांनी मागितलं. पण खोटं कशाला बोलू? माझ्या सुटकेची किंमत तुझ्या टॉवरमधून चुकती झाली.”

दहा वर्षे सरली. नवा तह झाला नाही. जुन्या अटी थोड्याथोड्या मुदतीने वाढवल्या गेल्या. मग त्याही संपल्या, आणि केंद्रे जुन्याच परवान्यांवर चालत राहिली. इंडियन पॉइंटची दोन यंत्रे दिवसाला सुमारे साडेनऊशे कोटी लिटर पाणी आत घेऊ शकत. पट्टेरी बासची संख्या पुढे वाढली हे खरे, पण त्याचे मोठे श्रेय संपूर्ण अटलांटिक किनाऱ्यावर मासेमारीवर आलेल्या मर्यादांना जाते. १९७२च्या कायद्याने विचारलेला प्रश्न, की एवढे पाणी असे ओढणे नदीला परवडते का, तो मेजावरून उतरला आणि अनुत्तरित राहिला. तहाने वाद मिटवला, पण नियम घातला नाही. १९६५च्या निकालाचा फायदा देशातल्या प्रत्येक नदीला आणि डोंगराला झाला. १९८०च्या तहाचा फायदा सह्या करणाऱ्यांपुरताच राहिला.

२०१०मध्ये न्यूयॉर्क राज्याने इंडियन पॉइंटला पाण्याचे प्रमाणपत्र नाकारले. इतका काळ साठत गेलेल्या माशांच्या नोंदी आता कामी आल्या. तहाचे सर्वांत टिकाऊ देणे कोणते, असे मला विचारले तर मी या नोंदींकडे बोट दाखवीन. मुदती संपतात, माणसे बदलतात, नोंद राहते. २०१७मध्ये राज्य सरकार, केंद्राचे मालक आणि मासेमारांच्या त्या जुन्या संघटनेची वारसदार ‘रिव्हरकीपर’ यांच्यात केंद्र बंद करण्याबाबत पुन्हा बंद दाराआड समझोता झाला. ३० एप्रिल २०२१ रोजी इंडियन पॉइंटचे शेवटचे यंत्र बंद झाले.

त्या वसंतात जुन्या मासोळीची पणती आली होती.

“पणजोबा, पाणी ओढणारी तोंडं बंद झाली म्हणे!”

“झाली, बाळ. तुझ्या पणजीला हे बघायला मिळायला हवं होतं.”

“मग आता सगळे सुखी?”

“तू आणि मी. पण शहराला वीज लागतेच. अणुकेंद्राची तूट बरीचशी गॅस जाळून भरून काढतायत. धूर हवेत जातो. आणि हवा काही मेजाशी बसली नव्हती.”

गोष्ट इथे संपते. बोध मात्र आपल्याला नीट उकलून घ्यायला हवा.

मराठीत म्हण आहे: दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. पर्यावरणाच्या वादात ती उलटी करून ऐकावी लागते: दोघांचा समेट, तिसऱ्याचा तोटा. घराच्या वाटणीत दोन भाऊ समजूत करून उठले, तर प्रकरण तिथे मिटते, कारण जे काही होते ते त्या दोघांचेच होते. नदीचे तसे नाही. तिच्यावर हक्क सांगणारे सगळे कधीच एका खोलीत मावत नाहीत. खालच्या गावची माणसे, मासे, हवा आणि अजून जन्माला न आलेली पोरे दाराबाहेरच राहतात. आत बसलेल्यांचे मन कितीही स्वच्छ असले, तरी देवाणघेवाणीत हातातून सोडायला सोपे असते ते बाहेरच्याचे.

आपल्या संसदेलाही ही भीती जाणवली असावी. २०२३च्या मध्यस्थी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मध्यस्थीला न बसणाऱ्या वादांची यादी आहे. मध्यस्थीत नसलेल्या तिसऱ्याच्या हक्कांवर परिणाम करणारे वाद त्यात आहेत, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या अधिकारातले विषयही आहेत. कारखाना आणि गाव यांनी पैसे देऊन-घेऊन नदीचे विष आपसात मिटवू नये, हा त्यातला चांगला भाग. पण त्याच कुंपणामुळे स्टॉर्म किंगला मिळाले तसे उद्यान, तसा निधी, तशा नोंदी मिळवण्याची वाटही अरुंद झाली. न्यायाधिकरण दंड करील, केंद्र बंद करील. शेजारी राहणाऱ्या कारखान्याला आणि गावाला एकमेकांचे ऐकायला शिकवणे त्याला कठीण. त्याच कायद्यात एखाद्या परिसरातल्या रहिवाशांच्या शांतता आणि सलोख्याला बाधा आणणाऱ्या वादांसाठी तिघा मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीची सोय आहे; पण तिथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अमलात आणता येत नाही.

मग वाट कुठली? आपल्याच डहाणूत एक वाट पडली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. ते लोकांचेही ऐकत, वीजकंपनीचेही ऐकत, पण ऐकून झाल्यावर आदेश द्यायचा अधिकार त्यांच्या हाती होता. १९९९मध्ये तिथल्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगण्यात आले. ती २००७मध्ये सुरू झाली. उशीर झालाच. पण गंधक सोडत राहायचे आणि बदल्यात दुसरे काही द्यायचे, असा सौदा तिथे झाला नाही.

म्हणून कोणी मध्यस्थीचे निमंत्रण घेऊन आले तर त्याला हाकलून देऊ नये, आणि हुरळूनही जाऊ नये. स्टॉर्म किंगच्या लोकांना खुर्ची मिळाली कारण त्याआधी १९६५चा निकाल त्यांच्या पाठीशी उभा होता. ज्याच्या हाती कायदा नाही, त्याने आधी तो मिळवावा. नाहीतर मेजाशी बसून त्याला विनवणीच करावी लागते. बसल्यावर पैसे, जमीन, वेळापत्रक, भरपाई, नोंदी यांवर मोकळेपणाने बोलावे. यात मध्यस्थी न्यायालयापेक्षा हुशार आहे. पण पाणी विषारी करू नये, श्वास कोंडू नये, असे कायद्याने जे सांगितले आहे, ते पाळायचे की नाही हा प्रश्न सौद्यात टाकू नये. बोलणी बंद दाराआड झाली, तरी करार उघड्यावर वाचला जावा. मुदत घातली, तर ती संपल्यावर काय होईल हे आजच लिहून घ्यावे, कारण न लिहिलेले पुढे नेहमी बलवानाच्या बाजूने वाचले जाते.

आणि सही करण्याआधी प्रत्येकाने एक प्रश्न मोठ्याने विचारावा: या तडजोडीची किंमत इथे नसलेला कोण मोजणार आहे? उत्तर मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवावी. वाद थोडा लांबेल, लांबू द्यावा. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी काही दिवस अधिक भांडणे, हा शेजारधर्मच आहे.